शस्त्रक्रिया करावी की थांबावे? : मेंदू आणि मणक्याविषयी वाचकांची पत्रे

मागील अंकात मेंदू आणि मणक्याच्या शस्त्रक्रियांविषयी प्रश्न मागवले होते. लोकमान्य नगरापासून सुदामा नगरापर्यंत इंदूरच्या निरनिराळ्या वस्त्यांतून पत्रे आली. बऱ्याच पत्रांना वर्तमानपत्राचे कात्रण किंवा मोबाइलवर फिरत आलेला मजकूर जोडलेला होता, आणि नव्या संशोधनात असे म्हटले असताना आमचे डॉक्टर तसे का करत नाहीत, अशी त्यामागची रास्त शंका होती. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. मी कोणाचेही स्कॅन किंवा कागद पाहिलेले नाहीत, त्यामुळे या उत्तरांचा उपयोग आपल्या डॉक्टरांशी बोलण्याची तयारी म्हणून करावा.

प्रश्न : माझे सासरे ७९ वर्षांचे आहेत. रंगपंचमीला गेर पाहून परत येताना ते जिन्यावर घसरले. कपाळाला टेंगूळ आले, ते दोन दिवसांत उतरले आणि आम्ही सारे विसरूनही गेलो. महिन्याभराने त्यांच्या उजव्या हातातून पोह्यांचा चमचा सुटू लागला आणि पेन्शनच्या कागदावरची सही वेडीवाकडी झाली. सीटी स्कॅनमध्ये डाव्या बाजूला जुने रक्त साचलेले दिसले, ते कवटीला दोन भोके पाडून काढले. आता ते बरे आहेत, पण तीन आठवड्यांनंतरच्या स्कॅनमध्ये पातळ थर अजून दिसतो. एका डॉक्टरांनी स्टेरॉइडच्या गोळ्या सुचवल्या आहेत, तर दुसऱ्यांनी तार घालून मेंदूच्या आवरणाची धमनी बंद करण्याचा सल्ला दिला आहे. आम्ही कोणाचे ऐकावे?
— एक सून, लोकमान्य नगर

उत्तर : या विकाराला क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा म्हणतात, आणि घरात वडीलधारे माणूस असलेल्या प्रत्येकाला तो ठाऊक असायला हवा. उतारवयात मेंदू थोडा आकसतो, त्याच्या पृष्ठभागावरून कवटीलगतच्या जाड आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात, आणि मग टेंगूळ येण्याइतका मारही त्यांतली एखादी शीर तुटायला पुरतो. साचलेल्या रक्ताभोवती पातळ पडदा तयार होतो, त्या पडद्यात नव्या आणि ठिसूळ रक्तवाहिन्या फुटतात आणि त्या हळूहळू झिरपत राहतात. पडल्याच्या दिवशी सगळे ठीक आणि महिन्याने चमचा सुटतो, तो यामुळे. शस्त्रक्रियेत आवरणाला छेद देताच गाडीच्या जुन्या ऑइलच्या रंगाचा पातळ द्रव बाहेर येतो, पुष्कळदा चांगल्या दाबाने, आणि मग बाहेर येणारे पाणी स्वच्छ होईपर्यंत सलाइनने धूत राहायचे असते. पुष्कळ रुग्णांत हे केवळ तेवढी जागा बधिर करूनही होते.

खरी अडचण रक्त पुन्हा साचण्याची आहे. त्यावरचा सर्वांत मोठा उपाय अगदी साधा निघाला. केंब्रिज येथे झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २१५ रुग्णांची, चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणे, दोन गटांत विभागणी केली होती. एका गटात शस्त्रक्रियेनंतर दोन दिवस रबरी नळी, म्हणजे ड्रेन, ठेवली आणि दुसऱ्यात ठेवली नाही. नळी नसलेल्यांपैकी २४ टक्के रुग्णांत रक्त पुन्हा साचले, नळी असलेल्यांत ९.३ टक्के, सहा महिन्यांतील मृत्यूचे प्रमाणही १८.१ टक्क्यांवरून ८.६ टक्क्यांवर आले. आपल्या सासऱ्यांच्या डिस्चार्ज कार्डावर ड्रेन ठेवल्याची नोंद आहे का, ते पाहावे. बहुधा असेलच.

स्टेरॉइडच्या बाबतीत मात्र मी स्पष्टपणे नको म्हणेन. ब्रिटनमधील २३ रुग्णालयांत ७४८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या यांची तुलना केली होती. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण स्टेरॉइडमुळे ७.१ टक्क्यांवरून १.७ टक्क्यांवर उतरले. येथेच वाचन थांबवले तर औषध उत्तम वाटेल. परंतु सहा महिन्यांनी रुग्ण कसे आहेत, स्वतःचे व्यवहार कितपत करू शकतात, हे तपासले तेव्हा चांगल्या स्थितीतील रुग्ण स्टेरॉइडच्या गटात ८३.९ टक्के आणि दुसऱ्या गटात ९०.३ टक्के होते. रक्त कमी साचले, पण माणसे एकंदरीत जास्त खालावली, कारण औषधाचे दुष्परिणाम म्हाताऱ्या शरीराला झेपत नाहीत. स्टेरॉइडने रक्तातील साखर वाढते, आणि आपल्या शहरात मधुमेही घर शोधावे लागत नाही, हेही लक्षात घ्यावे.

धमनी बंद करण्याचा उपाय नवा आणि तर्काला धरून आहे. त्या ठिसूळ रक्तवाहिन्यांना रक्त पुरवणारी मिडल मेनिंजियल धमनी मनगटातून किंवा जांघेतून नेलेल्या बारीक नळीद्वारे बुजवायची, म्हणजे झिरपणेच थांबते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील ४०० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात केवळ शस्त्रक्रिया झालेल्या ११.३ टक्के रुग्णांना ९० दिवसांत पुन्हा शस्त्रक्रिया लागली, तर धमनीही बुजवलेल्यांपैकी ४.१ टक्क्यांना. आपल्यापर्यंत पोहोचलेली बातमी बहुधा हीच असावी. त्याच सुमारास चीनमधील ७२२ रुग्णांच्या चाचणीत रक्त पुन्हा साचण्याचे किंवा वाढण्याचे प्रमाण ९.९ आणि ६.७ टक्के आले, आणि २०२५ मध्ये फ्रान्समधील ३४२ रुग्णांत २१ आणि १४.८ टक्के, या दोन्ही ठिकाणचा फरक योगायोगानेही पडू शकेल इतकाच होता. तिन्ही ठिकाणी आकड्यांची दिशा एकच आहे, तेव्हा उपाय पोकळ नाही. पण अमेरिकेतील चाचणीत ९० दिवसांनी हालचाली आणि स्वावलंबन खालावलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते. याचा अर्थ, दुसरी शस्त्रक्रिया टळते, पण माणूस त्यामुळे अधिक बरा होतो असे अद्याप दिसलेले नाही.

आपल्या सासऱ्यांची सही सुधारली असेल आणि हात चालत असेल, तर तीन आठवड्यांनंतरच्या स्कॅनमधील पातळ थर हा नेहमीचा आहे. तो पूर्ण जायला दोन-तीन महिनेही लागतात. मी त्यांच्या जागी माझ्या वडिलांना ठेवून पाहतो, तेव्हा थांबावे आणि पुन्हा स्कॅन करावा असेच वाटते. थर वाढत असेल, पुन्हा लक्षणे आली असतील, किंवा हृदयासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या लवकर सुरू करणे भाग असेल, तर धमनी बंद करण्याचा विचार जरूर करावा. अशा गोळ्या पूर्वी चालू होत्या का, हे आपल्या पत्रात नाही. ते दोन्ही डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून वय ६४ आहे. दहा मिनिटे चालले की दोन्ही पाय भरून येतात. भाजीवाल्याच्या हातगाडीवर थोडे ओणवे होऊन उभे राहिले की बरे वाटते, घरचे यावर हसतात. एमआरआयमध्ये चौथा मणका पाचव्यावर सरकला आहे आणि नसांची जागा अरुंद झाली आहे, असे लिहिले आहे. एक सर्जन स्क्रू-रॉड घालून मणके जोडायला सांगतात, तर दुसरे म्हणतात, की केवळ नस मोकळी केली तरी पुरेल. खर्चात फार अंतर आहे, पण प्रश्न केवळ खर्चाचा नाही.
— एक वाचक, रामबाग

उत्तर : हातगाडीवर ओणवे होणे हे आपल्या निदानाचे लक्षणच आहे, त्यावर घरच्यांनी हसू नये. पाठ पुढे वाकली की मणक्यातील नळी किंचित रुंद होते आणि नसांना जागा मिळते; ताठ चालताना ती पुन्हा आवळते. सायकल चालवताना त्रास होत नाही पण चालताना होतो, असेही अनेक रुग्ण याच कारणाने सांगतात.

स्क्रू घालावेत की नाही, हा वाद जुना आहे. सरकलेला मणका नस मोकळी केल्यावर आणखी सरकेल, म्हणून तो जोडून टाकावा, ही समजूत आमच्या पिढीच्या शिक्षणात पक्की होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. २०१६ च्या एप्रिलमध्ये एका नामवंत वैद्यकीय साप्ताहिकाच्या एकाच अंकात दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या, आणि त्यांनी वाद मिटवण्याऐवजी वाढवला. अमेरिकेतील चाचणीत अवघे ६६ रुग्ण होते. त्यात मणके जोडलेल्यांची शारीरिक क्षमता थोडी अधिक सुधारली आणि पुढील चार वर्षांत त्यांना पुन्हा शस्त्रक्रियाही कमी लागली. स्वीडनमधील चाचणीत २४७ रुग्ण होते. त्यात दोन वर्षांनी काहीही फरक आढळला नाही, मात्र जोडणी केलेल्यांना रुग्णालयात सरासरी ७.४ दिवस राहावे लागले आणि न केलेल्यांना ४.१ दिवस. ज्याला जी चाचणी सोयीची, ती त्याने उचलली.

त्यानंतर नॉर्वेतील १६ रुग्णालयांनी नेमक्या आपल्यासारख्या २६७ रुग्णांची, म्हणजे वयोमानाने एक मणका सरकलेल्या आणि नळी अरुंद झालेल्या रुग्णांची, चाचणी केली. ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. दैनंदिन व्यवहारातील अडचण किमान ३० टक्क्यांनी कमी झाली का, हे दोन वर्षांनी पाहिले. केवळ नस मोकळी केलेल्यांपैकी ७१.४ टक्के रुग्णांत ती तशी कमी झाली, जोडणीही केलेल्यांपैकी ७२.९ टक्क्यांत. पुन्हा शस्त्रक्रिया लागल्याचे प्रमाण अनुक्रमे १२.५ आणि ९.१ टक्के होते. पाच वर्षांनंतरच्या पाहणीतही निष्कर्ष बदलला नाही. दोन्ही गटांत चौथ्या हिश्श्याहून अधिक रुग्णांना अपेक्षित लाभ झाला नाही, हेही याच आकड्यांत लिहिलेले आहे आणि शस्त्रक्रियेपूर्वी ते रुग्णाला सांगितले जातेच असे नाही.

म्हणून आपल्या पहिल्या सर्जनांना एकच गोष्ट विचारावी : माझ्या मणक्यात असे काय आहे, ज्यासाठी स्क्रू हवेतच? याला खरी उत्तरे असू शकतात. पुढे आणि मागे वाकवून काढलेल्या एक्स-रेमध्ये मणका बराच हलत असेल, कणा बाजूला वाकलेला असेल, बाजूच्या छिद्रात नस फार आवळली गेली असेल, किंवा मणक्याच्या कमानीलाच जुनी चीर असेल, तर जोडणी योग्य ठरते; यांतील शेवटच्या तीन प्रकारच्या रुग्णांना नॉर्वेच्या चाचणीचा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. वाकवून काढलेला एक्स-रे झालाच नसेल, तर तो आधी करावा. 'सगळ्यांनाच घालतो' हे उत्तर मात्र आता पुरेसे नाही. मी स्वतः पूर्वी जितके स्क्रू घालत होतो तितके आता घालत नाही, आणि मागे वळून पाहता त्यांतले काही टाळता आले असते, हे मान्य करतो.

प्रश्न : मुलाला (वय ३४) गादी सरकल्यामुळे पाच आठवडे पायात कळ येते. लगेच ऑपरेशन केले नाही तर नस कायमची खराब होईल का?
— एक वडील, सुदामा नगर

उत्तर : पायाची ताकद शाबूत असेल, तर थांबल्याने सहसा नुकसान होत नाही. नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे कळ असलेल्या २८३ रुग्णांची चाचणी झाली (२००७). लवकर शस्त्रक्रिया ठरवलेल्या गटाला आराम फार लवकर पडला, पण वर्षअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के रुग्ण बरे होते आणि थांबलेल्यांपैकी ६१ टक्क्यांना शस्त्रक्रिया लागलीच नाही. उलट कॅनडातील १२८ रुग्णांच्या चाचणीत (२०२०) चार महिन्यांहून अधिक काळ रेंगाळलेल्या दुखण्यात शस्त्रक्रिया सरस ठरली; सहा महिन्यांनी वेदना दहापैकी २.८ आणि ५.२ अशी होती. थोडक्यात, दीड-दोन महिने धीर धरावा, पण वर्षभर ओढत राहू नये. लघवी अडकणे, बसण्याच्या जागेला बधिरपणा येणे, किंवा पाऊल उचलताना चप्पल सुटून पडणे, यांपैकी काहीही झाले तर मात्र हा हिशेब विसरून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

प्रश्न : काही चाचण्यांत रुग्णांवर खोटी शस्त्रक्रिया करतात, असे वाचले. ही फसवणूक नव्हे काय? आपल्या इंदुरात ट्रायलच्या नावाखाली काय झाले, ते आम्ही विसरलेलो नाही.
— एक वाचक, स्नेहलता गंज

उत्तर : आपला राग समजण्यासारखा आहे. इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये औषधांच्या चाचण्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २०१३ मध्ये न्यायालयाने संमती घेताना तिचे चित्रीकरण करण्याचा आदेश दिला. पुढे २०१९ मध्ये देशात चाचण्यांसाठी नवे नियम आले. या प्रवासात आपल्या शहराचा वाटा मोठा आहे.

तरीही खोटी शस्त्रक्रिया कशासाठी, ते एका उदाहरणाने सांगतो. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांचा, विशेषतः स्त्रियांचा, मणका खोकल्यानेही दबतो. त्यात सुईने सिमेंट भरण्याचा उपचार, व्हर्टिब्रोप्लास्टी, जगभर लोकप्रिय झाला होता, कारण रुग्ण टेबलावरून उतरताच बरे वाटते म्हणत. २००९ मध्ये दोन चाचण्या एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या, एक ऑस्ट्रेलियातील ७८ रुग्णांची आणि दुसरी अमेरिकन संशोधकांच्या पुढाकाराने झालेली १३१ रुग्णांची. त्यांत अर्ध्या रुग्णांना पालथे झोपवून, पाठ बधिर करून, सुई टोचून, सिमेंट न भरताच परत पाठवले. सिमेंटचा उग्र वास ओळखीचा असतो, म्हणून त्याचा डबा त्यांच्यासाठीही खोलीत उघडला गेला. महिन्याने दोन्ही गटांचे दुखणे सारखेच कमी झाले होते. सिमेंटला दिलेले श्रेय काळाला, बधिर करणाऱ्या इंजेक्शनला आणि उपचार झाल्याच्या समाधानाला जात होते. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातीलच एका चाचणीत सहा आठवड्यांच्या आतील ताज्या आणि तीव्र दुखण्यात सिमेंटचा फायदा दिसला, तेव्हा हा विषय संपलेला नाही.

सहभागी रुग्णांना आधीच सांगितलेले होते, की आपल्या वाट्याला खोटा उपचार येऊ शकतो, आणि ते मान्य करूनच त्यांनी सही केली होती. फसवणूक आणि चाचणी यांतील अंतर त्या सहीत आहे, मात्र ती सही समजून केलेली असली पाहिजे. आपल्या घरच्या कोणाला चाचणीत घेऊ लागले, तर तिची भारतीय चाचणी नोंदवहीतील नोंद, नैतिकता समितीची मंजुरी, इजा झाल्यास खर्च कोणाचा, आणि मध्येच बाहेर पडता येते का, हे विचारावे. संमतिपत्र मराठीत किंवा हिंदीत मागून घरी नेऊन वाचावे. जो घाईने सही मागतो, त्याला नाही म्हणावे.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाचा (वय २६) बायपासवर स्कूटरचा अपघात झाला. मेंदूवरील रक्त काढले, पण डोक्याचे हाड परत न बसवता पोटात ठेवले आहे. आईला हे ऐकूनच चक्कर आली. हाड लगेच बसवले असते तर चालले नसते काय?
— एक भाऊ, विजय नगर

उत्तर : मेंदू सुजलेला असताना कवटी बंद केली, तर दाब वाढून जीव जातो; म्हणून तळहाताएवढे हाड बाहेर ठेवतात. ते पोटाच्या कातडीखाली चरबीच्या थरात ठेवण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, कारण त्याला उणे ८० अंशांचा फ्रीझर लागत नाही, आणि रुग्ण दुसऱ्या गावी गेला तरी हाड त्याच्यासोबतच जाते. आईंना हे असेच सांगावे.

हाड परत बसवले असते तर, या प्रश्नावर २०२३ मध्ये मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ताज्या रक्ताच्या गाठीसाठी शस्त्रक्रिया झालेल्या ४५० रुग्णांपैकी २२८ जणांचे हाड लगेच बसवले आणि २२२ जणांचे बाहेर ठेवले. वर्षाने दोन्ही गटांची स्थिती सारखीच होती. मृत्यूचे प्रमाण ३०.२ आणि ३२.२ टक्के. हाड बसवलेल्या १४.६ टक्के रुग्णांना दोन आठवड्यांत डोक्याची पुन्हा शस्त्रक्रिया लागली, दुसऱ्या गटात ६.९ टक्क्यांना, उलट जखमेच्या तक्रारी हाड बाहेर ठेवलेल्यांत अधिक, १२.२ विरुद्ध ३.९ टक्के. मात्र रक्त काढल्यावरही मेंदू कवटीच्या कडेबाहेर फुगून येत होता, अशा रुग्णांना या चाचणीत घेतलेलेच नव्हते, कारण तेथे निवड करायला जागाच नसते. आपल्या भावाचा मेंदू त्या क्षणी कसा होता, हे केवळ त्या सर्जनने पाहिले आहे. ऑपरेशनच्या टिपणात ते लिहिलेले असते, मागून वाचावे.

सूज उतरली आणि जंतुसंसर्ग नाही याची खात्री पटली, की साधारण दीड ते तीन महिन्यांनी हाड परत बसवतात. काहींना त्यानंतर बोलण्यात आणि चालण्यातही सुधारणा जाणवते. क्वचित पोटातील हाड थोडे विरघळते, तेव्हा कृत्रिम पत्रा लागतो. हाड परत बसवेपर्यंत डोक्याच्या हाड नसलेल्या बाजूच्या कुशीवर झोपू देऊ नये, उठता-बसता कोणीतरी जवळ असावे, आणि पोटावरची ती जागा कोणी तेल लावून चोळू नये. रुग्णालयात डोक्याच्या पट्टीवर जाड पेनाने 'हड्डी नहीं है' असे लिहिलेले आपण पाहिले असेल. घरी पट्टी निघाल्यावर ते लिहिलेले राहत नाही, म्हणून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दारातच सांगावे, कारण आपल्याकडे आशीर्वादाचा हात आधी डोक्यावरच जातो.